खटला नाही, निकाल नाही, तरी वर्षभर आत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून एकाच विषयावर प्रश्न आलेत, की खटला न चालवता माणसाला जेलमध्ये ठेवतात ते कसं काय, आणि देशाच्या सुरक्षेसाठी ते लागतंच का. मी जळगाव कोर्टात वीस-बावीस वर्षं फौजदारी कामं करतोय, महिन्यातून दोन-तीनदा औरंगाबाद खंडपीठाच्या वाऱ्या असतात (आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात), त्यामुळे जे रोज हाताखालून जातं तेच सांगतो. पत्रं लांबलचक होती, थोडी कापलीत. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : वकीलसाहेब, माझ्या चुलतभावाच्या पोराचे गिरणा नदीत वाळूचे ट्रॅक्टर चालायचे, हे मी नाकारत नाही. त्याच्यावर चार केसेस आहेत, चारहीमध्ये जामीन झालेला. आता एमपीडीए (गुन्हा करेल म्हणून आधीच स्थानबद्ध करायचा राज्याचा कायदा) लावून एक वर्षासाठी डायरेक्ट नागपूरला पाठवला. एकाही केसचा निकाल नाही. निकालाआधी शिक्षा, हे कोणत्या कायद्यात बसतं? (शेतकरी, भडगाव तालुका)

भाऊ, बसतं, आणि तेही थेट राज्यघटनेत बसतं, हे ऐकून बऱ्याच लोकांना धक्का बसतो. कलम २२ वाचा. पहिल्या दोन भागांत जे आपण सिनेमात बघतो ते सगळं आहे, अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. आणि लगेच तिसऱ्या भागात लिहिलंय की प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या माणसाला हे लागू नाही. म्हणजे तुमच्या पुतण्याला कोर्टासमोर न नेता ठेवता येतं. सरकार त्याला शिक्षा म्हणतच नाही, त्यांचं म्हणणं असं की हा पुढे काहीतरी करणार आहे म्हणून आधीच थांबवला. जेलची भिंत तीच, भाकरी तीच, पण कागदावर तो ना आरोपी ना कैदी, तो स्थानबद्ध.

घटनेत हे आलं कसं तेही सांगतो, कारण लोक म्हणतात बाबासाहेबांनी असं कसं लिहिलं. तो काळ बघा, फाळणी नुकतीच झालेली, हैदराबादचं प्रकरण ताजं. सप्टेंबर १९४९ मध्ये हे कलम घटना समितीत आलं तेव्हा आंबेडकरांची भूमिका अशी होती की स्थानबद्धता राहणारच असेल तर तिच्यावर निदान काही बंधनं घटनेतच लिहून टाकू, नाहीतर सरकारला मोकळं रानच आहे. पुढच्याच वर्षी १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला, तो मांडताना सरदार पटेलांसारख्या माणसानं लोकसभा नव्हती तेव्हाच्या त्या संसदेत बोलून दाखवलं होतं की या विधेयकापायी रात्रीची झोप लागली नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सही करणाऱ्याची झोप उडाली पाहिजे असाच हा अधिकार आहे.

आता एमपीडीए. हा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा, मूळ झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि ड्रग्जवाले यांच्यासाठी, मग त्यात 'धोकादायक व्यक्ती' आले, नंतर वाळू तस्कर आले, अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आले. यादी वाढतच गेली, कमी काही झाली नाही. प्रस्ताव पोलीस स्टेशनातून निघतो, एलसीबी (स्थानिक गुन्हे शाखा), एसपी असं करत कलेक्टरांकडे जातो आणि आपल्या जिल्ह्यांत पोलीस कमिशनर नसल्यानं सही कलेक्टरांचीच. त्यानंतर १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, नाही मिळाली तर आदेश आपोआप पडतो. कारणं साधारण ५ दिवसांत लेखी हातात द्यावी लागतात. ३ आठवड्यांत प्रकरण, आत ठेवायला पुरेसं कारण आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळासमोर ठेवावं लागतं आणि मंडळाला ७ आठवड्यांत रिपोर्ट द्यावा लागतो. मंडळ म्हणालं 'पुरेसं कारण नाही' तर सोडावाच लागतो. जास्तीत जास्त मुदत १२ महिने.

तुमच्या केसमध्ये मी पहिल्यांदा दोन गोष्टी बघेन. एक, चारही केसमध्ये जामीन झालेला असेल तर ते जामिनाचे आदेश कलेक्टरांसमोर ठेवले होते का, त्यांनी ते वाचले का, आणि पोलिसांनी जामीन रद्द करायचा अर्ज का केला नाही. कारण सुप्रीम कोर्टानं २०११ च्या रेखा विरुद्ध तामिळनाडू प्रकरणापासून परत परत सांगितलंय की साध्या फौजदारी कायद्यानं भागत असेल तर स्थानबद्धतेचा शॉर्टकट घ्यायचा नाही. दुसरी गोष्ट, याने 'सार्वजनिक सुव्यवस्था' बिघडते का नुसती 'कायदा सुव्यवस्था'. ऐकायला एकच वाटतं पण अख्खी केस इथेच फिरते. १९६५ मध्ये राममनोहर लोहियांना असंच आत ठेवलं होतं, तेव्हा सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तीन वर्तुळं आहेत, एकात एक. सगळ्यात मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि अगदी आत राष्ट्राच्या सुरक्षेचं. दोन जणांची पानटपरीवर मारामारी झाली तर कायदा मोडला, पण गाव काही थांबलं नाही. तेच कोणी बाजाराच्या दिवशी तलवार घेऊन फिरला आणि दुकानांची शटरं खाली आली तर ती सार्वजनिक सुव्यवस्था. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका हातभट्टीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं एमपीडीएचा आदेश याच मुद्द्यावर रद्द केलाय.

आणि एक बाजू तुम्हालाही ऐकायला लागेल भाऊ. वाळू अडवायला गेलेल्या तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घालण्याचे प्रकार आपल्याकडे झालेत. ज्या गावात साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही तिथे पोलीस 'इन-कॅमेरा जबाब' घेतात, म्हणजे साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब', नाव-गाव काही नाही. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मी इतक्या फायली वाचल्यात की 'अ' आणि 'ब' चे जबाब शब्दाला शब्द सारखे निघतात, फक्त तारीख आणि लुटलेल्या पैशांचा आकडा वेगळा. वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्या साक्षीदाराला खरंच भेटून खातरजमा केली का हे खंडपीठ बारकाईनं बघतं. तुमच्या वकिलाला तेच बघायला सांगा.

प्रश्न : सर, तुम्ही वकील लोक अतिरेक्यांचे हक्क हक्क करत बसता. ज्यानं बॉम्ब ठेवला त्याला कसले हक्क? कसाबला बिर्याणी खाऊ घातली चार वर्षं, त्याच्यापेक्षा तेव्हाच संपवला असता तर? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, धुळे)

मित्रा, राग समजतो, २६ नोव्हेंबर २००८ ला १६६ माणसं गेली, मी स्वतः रात्रभर टीव्हीसमोर बसून होतो. पण आधी बिर्याणीचं. तो खटला चालवला आपल्या जळगावच्याच उज्ज्वल निकमसाहेबांनी, आणि बिर्याणीची गोष्ट खरी नव्हती हे त्यांनीच २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. तरी ती अजून फिरतेय.

आता खटल्याकडे बघ. जिवंत पकडलेला, फोटोत हातात बंदूक असलेला माणूस, त्यालाही वकील दिला, पुरावा मांडला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. तो सगळा पुरावा, बोट, फोन, समोरून येणाऱ्या सूचना, हे सगळं कोर्टात सिद्ध होऊन कायमचं रेकॉर्डवर बसलं. पाकिस्तानला जगासमोर तोंड द्यावं लागलं ते या रेकॉर्डमुळे. तेव्हाच संपवला असता तर ते म्हणाले असते, हा आमचा नव्हताच.

दुसरं म्हणजे 'ज्यानं बॉम्ब ठेवला' असं तू म्हणतोस, पण ज्यानं ठेवला तोच पकडलाय हे कोणी ठरवलं? आपल्या शेजारचंच मालेगाव घे, धुळ्याहून तासाभराच्या रस्त्यावर. ८ सप्टेंबर २००६ ला तिथे स्फोट झाले, तीसच्या वर माणसं गेली. नऊ मुस्लीम पोरं पकडली, २०११ मध्ये जामीन झाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं. मग २९ सप्टेंबर २००८ चा स्फोट, सहा माणसं गेली. त्यात हिंदू आरोपी, १७ वर्षं केस चालली, आणि ३१ जुलै २०२५ ला विशेष कोर्टानं सातही जणांना निर्दोष सोडलं. आता तू कोणत्याही बाजूचा अस, मला एवढंच सांग, ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्या हातात काय पडलं? एक भुसावळचंही आहे, १९९४ मध्ये भुसावळ आणि बाकी ठिकाणांहून ११ जणांना टाडाखाली (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) पकडलं होतं, नाशिकच्या टाडा कोर्टानं २०१९ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी, सगळ्यांना सोडलं. टाडा कायदा स्वतः १९९५ मध्येच संपलेला, केस मात्र पुढची २४ वर्षं चालू.

चुकीचा माणूस आत बसला की फाईल बंद होते, पोलिसांचा शोध थांबतो, लोक निवांत होतात, आणि खरा माणूस बाहेर चहा पीत असतो. मी हक्कांबद्दल बोलतो तेव्हा पहिल्यांदा हेच डोक्यात असतं. वकील, लेखी कारण, उलटतपासणी, ही सगळी पोलिसांचं काम तपासून बघायची साधनं आहेत. सोनार जसा कसावर घासून बघतो तसं. कस लावायचाच नाही म्हटलं तर पितळ पण खपतं.

प्रश्न : माझे वडील आणीबाणीत मिसाबंदी होते (मिसा म्हणजे तेव्हाचा अंतर्गत सुरक्षा कायदा), १९ महिने नाशिकरोडला काढले. घरी आम्ही तीन लहान भावंडं होतो. गुन्हा काय ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. आजचे कायदे आणि मिसा यात खरंच काही फरक आहे का? (निवृत्त शिक्षिका, अमळनेर)

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अमळनेर म्हणजे साने गुरुजींचं गाव, तुरुंगाची ओळख त्या गावाला आधीपासूनच. पण गुरुजी १९३२ मध्ये धुळ्याच्या जेलमध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते तेव्हा इंग्रज सरकारनं त्यांना निदान आरोप ठेवून, शिक्षा ठोठावून आत टाकलं होतं. तुमच्या वडलांना तेवढंही मिळालं नाही. खटला न चालवता डांबायची हत्यारं इंग्रजांकडे होतीच म्हणा, पुण्याच्या नातू बंधूंना १८९७ मध्ये १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली असंच उचललं होतं, आणि १९१९ च्या रौलट कायद्याला लोक 'ना वकील, ना दलील, ना अपील' म्हणायचे. दुःख याचं की तेच हत्यार आपण जपून ठेवलं.

फरक आहे का? आहे, आणि तो तुमच्या वडलांसारख्यांनी सोसलं म्हणून आहे. मिसा १९७१ चा. आणीबाणीत सरकारनं असा बदल केला की कारणं सांगायचीच गरज नाही. लोक हायकोर्टात गेले, आणि नऊ हायकोर्टांनी, त्यात आपल्या मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही होतं, सांगितलं की आम्ही निदान आदेश बरोबर आहे का ते तपासू. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २८ एप्रिल १९७६, एडीएम जबलपूरचा निकाल. पाच जज होते, चौघांनी सांगितलं की आणीबाणी आहे तोवर कोणालाही दाद मागता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं होतं की उद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी काही उपाय नाही का, आणि सरकारी वकिलांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर नाही. खन्ना एकटे विरोधात गेले. त्यांना माहीत होतं याची किंमत काय, जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून ज्युनियर जजला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

नंतर दोन दुरुस्त्या झाल्या. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं लिहिलं की आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, म्हणजे जीव आणि स्वातंत्र्याची दाद आता बंद होऊ शकत नाही. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ जजांच्या खंडपीठानं जबलपूरचा निकाल चुकीचा होता म्हणून खोडून काढला. त्यात मुख्य निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड, आणि १९७६ च्या त्या चौघांत होते त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड. मुलानं बापाचा निकाल खोडला. मला ते वाचताना खरंच भरून आलं होतं.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती सांगतो. त्याच ४४ व्या दुरुस्तीत असंही होतं की सल्लागार मंडळाशिवाय ठेवायची मुदत ३ महिन्यांवरून २ महिने करायची, आणि मंडळात हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं माणसं घ्यायची. संसदेनं पास केलं, राष्ट्रपतींची सही झाली, आणि सरकारनं ते कलम लागू करायची तारीखच काढली नाही. कितीतरी सरकारं आली-गेली, त्यात मिसात स्वतः बसलेली माणसं मंत्री झाली, तरी ती तारीख अजून निघालेली नाही. रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० चा आहे, ताई, म्हणजे मिसा जाऊन तीन वर्षं झाली नाहीत तोच तो आला. त्यातही एक वर्षापर्यंत ठेवता येतं. कारणं द्यावी लागतात, मंडळ आहे, कोर्ट बघू शकतं, हा फरक. पण सार्वजनिक हिताच्या विरोधात आहे असं वाटलं तर काही माहिती झाकून ठेवायचा अधिकार सरकारला आजही आहे, तेही घटनेतच.

तुमच्या वडलांनी जेलमधून लिहिलेली पत्रं असतील तर ती सांभाळा, स्कॅन करून ठेवा. आमच्या ज्युनियर पोरांनी ती वाचायला हवीत.

प्रश्न : आम्ही वनहक्काच्या दाव्यांसाठी मोर्चा काढतो. मंत्र्याचा दौरा असला की आदल्या रात्री पोलीस येऊन दोन-तीन जणांना स्टेशनला बसवतात, दौरा संपला की सोडतात. कधी चॅप्टर केस करतात. ही पण स्थानबद्धताच का? (कार्यकर्ता, अक्कलकुवा)

नाही, ही त्याची धाकटी भावंडं आहेत, पण त्रास तुम्हाला यांचाच जास्त. आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १४९ ची नोटीस यायची ती आता बीएनएसएसमध्ये (तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेत) १६८ झाली, १५१ ची अटक आता १७० झाली, १०७ ची चॅप्टर केस आता १२६. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलले, बाकी खेळ तोच.

१७० मध्ये पोलिसांना अटक करता येते, पण तुम्ही दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात आहात आणि दुसऱ्या कशानंही तो थांबणार नाही अशी माहिती त्यांच्याकडे पाहिजे, आणि २४ तासांच्या वर ठेवता येत नाही, दुसरं कलम लावल्याशिवाय. मोर्चा काढणं हा दखलपात्र गुन्हा नाही. अटकच दाखवत नाहीत, नुसतं 'बसा इथे' म्हणतात, तेव्हा शांतपणे विचारायचं की मला अटक केली आहे का, असेल तर स्टेशन डायरीत एंट्री करा आणि घरी कळवा, नसेल तर मी निघतो. आवाज न चढवता, आणि शक्यतो सोबत कोणीतरी असताना.

चॅप्टर केसमध्ये प्रांत किंवा तहसीलदार तुमच्याकडून शांतता राखायचा एक वर्षापर्यंतचा बॉंड मागू शकतात, पण चौकशी न करता पहिल्याच दिवशी 'बॉंड द्या नाहीतर आत' असं म्हणता येत नाही. हे सुप्रीम कोर्टानं १९७० मध्ये ठरवलंय, आणि केस कोणाची होती माहितीये? मधू लिमयेंची. तेच मधू लिमये जे तरुणपणी खानदेशात काम करायला आले आणि १९४० मध्ये युद्धाविरुद्ध बोलले म्हणून धुळ्याच्या जेलमध्ये गेले. म्हणजे तुमची वाट मोकळी करणाऱ्यांपैकी एक याच मातीत तयार झालेला आहे.

प्रश्न : तुमचं सगळं पटतं, पण उद्या तुम्हालाच कलेक्टरच्या खुर्चीत बसवलं आणि आयबीचा (केंद्राच्या गुप्तचर खात्याचा) निरोप आला की हा माणूस परवा काहीतरी करणार आहे, पुरावा कोर्टात टिकेल असा नाही, तर तुम्ही सही करणार की नाही? सरळ सांगा. (बँक कर्मचारी, भुसावळ)

करेन. सरळ सांगतो. भुसावळसारखं जंक्शन, परवा लाखभर माणसं तिथून जाणार असतील आणि निरोप पक्का असेल तर मी सही करेन, आणि जो म्हणतो मी करणार नाही त्यानं तो निर्णय कधी मनात घोळवून बघितलेला नाही. माझा वाद त्या पहिल्या सहीशी नाहीच, माझा वाद पुढच्या ३६३ दिवसांशी आहे. परवाचा धोका टाळायला दोन-चार दिवस, फार तर दोन-तीन आठवडे लागतील. तेवढ्यात पोलिसांनी पुरावा उभा करावा आणि केस दाखल करावी, नसेल तर सोडावा आणि नजर ठेवावी. पण आपल्याकडे होतं असं की सही झाली की तपास थंडावतो, कारण माणूस तर आतच आहे, घाई कशाची.

बाहेर काय झालं ते बघा. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी ऑगस्ट १९७१ मध्ये विनाखटला धरपकड सुरू केली, डिसेंबर १९७५ पर्यंत जवळपास दोन हजार माणसं आत टाकली. याद्या जुन्या होत्या, भलतीच माणसं उचलली, आणि हिंसा कमी व्हायच्या ऐवजी भडकली, ज्या पोरांचा काही संबंध नव्हता ती आयआरए या सशस्त्र संघटनेत गेली. त्याच ब्रिटननं २००१ नंतर परदेशी संशयितांना बेमुदत ठेवायचा कायदा केला, तर डिसेंबर २००४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च कोर्टानं, हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, ८ विरुद्ध १ असं सांगितलं की हे मानवी हक्कांच्या विरुद्ध आहे. आज तिथे दहशतवादाच्या संशयितालाही आरोप न ठेवता जास्तीत जास्त १४ दिवस ठेवता येतं, तेही जजच्या परवानगीनं. आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात चार्जशीटशिवायच १८० दिवस, त्यानंतर ४३डी(५) मुळे जामीन जवळपास बंद. ते नावाला खटल्याचं प्रकरण आहे, पण खटला उभाच राहत नसेल तर आत बसलेल्याला फरक काय कळणार? २०२१ मध्ये नजीब प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पाच वर्षांहून जास्त आत असलेल्या माणसाचा जामीन कायम ठेवला आणि सांगितलं की खटला लवकर संपणार नसेल तर कडक कलम असूनही कोर्ट जामीन देऊ शकतं. तो निकाल सगळीकडे सारखा लागू होत नाही ही माझी तक्रार आहे.

आणखी एक भीती आहे, कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्यापाशी थांबत नाही. जम्मू-काश्मीरचा पब्लिक सेफ्टी ॲक्ट १९७८ मध्ये आणताना लाकूड तस्करांसाठी म्हणून आणला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच कायद्याखाली दोन माजी मुख्यमंत्री स्थानबद्ध झाले. आपल्या वाळू तस्करांच्या कायद्याकडे बघताना मला ते आठवतं.

म्हणून माझ्या मते, सही कलेक्टरांची असू द्या, पण आठवड्याच्या आत सेवेत असलेल्या एका जजनं माणसाला समोर बोलावून फाईल बघावी, ३ महिन्यांनी परत बघावी, आणि मंडळासमोर वकील असावा. आणि आदेश चुकीचा निघाला तर भरपाई द्यावी. १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणापासून कोर्टं भरपाई देतायत, १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या भीमसिंह नावाच्या आमदाराला बेकायदा डांबलं म्हणून ५० हजार मिळाले होते, पण ती कोर्टाची मर्जी, कायद्यात ठराविक काही नाही. एमपीडीएचा आदेश आठ-नऊ महिन्यांनी रद्द होतो, पोरगं घरी येतं, हंगाम गेलेला असतो, नोकरी गेलेली असते, आणि ज्या टेबलांवरून फाईल गेली त्यातल्या एकाही टेबलाला कोणी काही विचारत नाही.

प्रश्न : मना पोऱ्याले पोलीस लई ग्यात. कागद इंग्रजीमा शे, माले वाचता येत नही. आते मी काय करू? (एक आई, साक्री तालुका. शेजारच्या मुलीनं लिहून पाठवलंय, सोबत कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो.)

मावशी, हे त्या मुलीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

फोटोवरून दिसतंय की आदेश एमपीडीएचा आहे. घाबरू नका, आणि कोणालाही पैसे देऊ नका, 'साहेबांना भेटवतो' म्हणणारे पुष्कळ येतील. पहिलं काम, कागदाची जेवढी पानं दिलीत तेवढी सगळी एकत्र ठेवा, एकही पान हरवू नका, पाकिटावरची तारीखसुद्धा. पोराला कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला लागतात. नुसतं इंग्रजी कागद हातात देऊन तोंडी समजावलं हे चालत नाही, १९६२ मध्येच सुप्रीम कोर्टानं नागपूरच्या एका माणसाला या मुद्द्यावर सोडलंय. तुमचा पोरगा कितवी शिकला, कोणत्या शाळेत, मराठी का इंग्रजी, तो शाळेचा दाखला शोधून ठेवा, तो लागेल.

दुसरं, धुळ्याला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. जेलमध्ये असलेल्या माणसाला तिथून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. जाता येत नसेल तर १५१०० नंबरवर फोन लावा, तो पण फुकट आहे. त्यांना सांगा दोन कामं पाहिजेत, एक सरकारला आणि कलेक्टरांना अर्ज की हा आदेश मागे घ्या, आणि दुसरं औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवायची, याचिका. अर्ज आजच्या आज जाऊ द्या. सरकारनं अर्जावर निर्णय द्यायला विनाकारण उशीर केला तर तेवढ्यावरही आदेश रद्द होतो.

तिसरं, काही आठवड्यांत सल्लागार मंडळ पोराला बोलावेल, आजकाल बऱ्याचदा जेलमधूनच व्हिडिओवर. तिथे वकील उभा करायचा हक्क नाही. पण धनबादचे खासदार ए. के. रॉय यांच्या १९८१ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की वकील नसलेला एखादा मित्र मदतीला घेता येतो, आणि सरकारनं तिथे वकील आणला तर पोरालाही द्यावा लागतो. गावात कोणी शिकलेलं, न घाबरता बोलणारं असेल, शाळेतले मास्तर, पतपेढीतला कोणी, त्याचं नाव पोराला कळवा, आणि पोरानं जेलरकडे लेखी मागणी द्यावी की मला हा माणूस सोबत पाहिजे. पोराला आधीच सांगून ठेवा की मंडळासमोर गप्प बसू नको, त्या तारखांना तू कुठे होतास ते सांग. ऊसतोडीला गेलेला असेल तर मुकादमाकडे हजेरीची वही असेल, तिचा फोटो काढून आणा.

पोस्टानं काही पाठवलं तर पोचपावतीसह स्पीड पोस्टच करा आणि हातानं दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. उद्या सकाळी साक्रीहून पहिल्या एसटीनं निघालात तर ऑफिस उघडायच्या वेळेला धुळ्यात पोचाल.